मामीनं न घेतलेली सूट

मामीनं कॉलेजात नाव घातलं तेव्हा मी त्याच कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, आणि राहायला होते मामाच्या घरी. सकाळी जिन्यावरून 'अगं, डबा राहिला' म्हणून ओरडणारी बाई दुपारी माझ्याच वर्गात येऊन बसणार, हे ऐकून मला लाजच वाटली.

मामी बस डेपोत प्रवासी सेवा विभागात कामाला होती. चौकशीची खिडकी, लोकांच्या तक्रारी आणि बसमध्ये सापडलेल्या वस्तूंची खोली, हे सगळं त्या विभागाकडे. विभागप्रमुख निवृत्तीला आले होते. सगळेजण काम मामीला विचारून करायचे, पण प्रमुखाच्या खुर्चीवर बसायला नियमानं पदवी हवी होती, आणि तीही व्यवसाय व्यवस्थापन आणि माहिती प्रणाली या विषयातली. मामीचं शिक्षण लग्नानंतर अर्धवट सुटलेलं. सासूचं आजारपण, मग मुलगा, मग मुलाची शाळा, असं करता करता ते राहूनच गेलं. आता मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला लागला होता. त्याच्या खोलीत मी राहत होते.

"खुर्चीसाठी शिकतेयस का?" मी तिला विचारलं.

"खुर्ची मिळाली तर बसेन की," मामी म्हणाली. "पण खरं सांगू? कॉलेज सोडलं त्या दिवशी वाचनालयाचं पुस्तक परत करायला गेले होते. तिथल्या बाई म्हणाल्या, 'दुसरं कुठलं देऊ?' मला उत्तरच सुचेना. ते अजून डोक्यात आहे."

मामानं मात्र कपाळावर आठ्या घातल्या. मामा कवळ्या बनवायचा. गावातले दातांचे डॉक्टर त्याच्याकडे साचे पाठवायचे आणि पुढच्या खोलीत तो दिवसभर मेण, प्लास्टर आणि घासण्याचं बारकं मशीन घेऊन बसलेला असायचा. खिडकीत वाळत ठेवलेल्या जबड्यांची रांग. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण दात बनवून आमच्या घराचं भरत होतं. तो भिंगातून मामीकडे बघत म्हणाला, "या वयात पाटी-पेन्सिल? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं तोंड तुमच्याच हातात असतं की," मामी म्हणाली. "बघा जरा त्यांच्याकडे."

मामाला हसू आवरेना. तिथंच परवानगीचा विषय संपला. तसा तो मामीनं काढलाच नव्हता.

कॉलेजच्या सल्लागार बाईंकडे मी तिच्यासोबत गेले. बाई किडकिडीत, बोलताना सतत पेन्सिलीला टोक काढणाऱ्या. त्यांनी मामीचे जुने विषय एकेक तपासले. हिशेबशास्त्र चाललं, अर्थशास्त्र चाललं, व्यापारी कायदा चालला.

"टंकलेखन नाही चालणार," बाई म्हणाल्या. "तो विषयच आता राहिला नाही."

"पण मला तेच सगळ्यात चांगलं यायचं!"

"मग बोटं तयार आहेत तुमची. ती वापरायला जागा भरपूर आहे." बाईंनी उरलेले विषय सांगितले. संख्याशास्त्र, मनुष्यबळ व्यवस्थापन, डेटाबेस, प्रोग्रामिंग, सिस्टिम कशी आखायची त्याचा एक विषय, मग इंटर्नशिप, आणि शेवटी परीक्षकांसमोर मांडायचा प्रकल्प. प्रोग्रामिंग झाल्याशिवाय डेटाबेस नाही, डेटाबेस झाल्याशिवाय इंटर्नशिप नाही. एक अडलं की पुढचं सगळं खोळंबणार.

"सगळं वेळेत झालं तर आमचे साहेब निवृत्त होतील तेव्हाच माझी पदवी होईल," मामीनं हिशेब मांडला. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि पहिल्यांदाच हसल्या.

मामीनं डेपोत सकाळची पाळी मागून घेतली. दुपारी ती कॉलेजात यायची. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली आणि सगळा वर्ग उठून उभा राहिला. पोरांना वाटलं, नव्या प्राध्यापक बाई आल्या. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मामी दारातच थबकली, मग हात हलवून म्हणाली, "बसा, बसा. मीसुद्धा बसायलाच आलेय." वर्गात एकच हशा पिकला. आठवडाभरात निम्मी पोरं तिला मामी म्हणायला लागली. माझी लाजही विरघळली, कारण तिची भाची म्हणून माझाही भाव वाढला होता.

मनुष्यबळ व्यवस्थापनात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. संख्याशास्त्र तिला कष्टानं जमलं. गाडी अडली ती प्रोग्रामिंगपाशी.

प्रोग्रामिंगचे सर तरुण होते, मामीच्या मुलापेक्षा थोडेच मोठे. त्यांनी एक सोपं काम दिलं होतं. तिकीट घेणाऱ्याचं नाव विचारायचं, तिकीट दाखवायचं आणि शेवटी 'धन्यवाद' म्हणायचं. मामीनं लिहिलेला प्रोग्राम सुरू झाला आणि पडद्यावर धन्यवाद, धन्यवाद, धन्यवाद असा पाऊस सुरू झाला. काही केल्या थांबेना. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मामी, फारच सभ्य आहे तुमचा कॉम्प्युटर." हसता हसता मामीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं.

वर्षाअखेर ती त्या विषयात नापास झाली. मी पास झाले. निकालाच्या फलकासमोर तिनं आधी माझी पाठ थोपटली, मग स्वतःचे गुण पुन्हा एकदा पाहिले आणि म्हणाली, "चल, भूक लागलीय." घरी आल्यावर तिनं काहीच खाल्लं नाही.

दोन-चार दिवसांनी कॉलेजच्या प्राचार्यांनी तिला बोलावलं. माणूस भला. म्हणाले, "बाई, नोकरीचा मोठा अनुभव असलेल्या प्रौढ विद्यार्थ्यांना आम्ही एका विषयातून सूट देऊ शकतो. नियमातच तशी तरतूद आहे. तुम्ही अर्ज करा, मी सही करतो. प्रोग्रामिंगचा अडसर दूर होईल."

मामीनं त्यांचे आभार मानले आणि विचार करून सांगते म्हणाली. संध्याकाळी जेवताना तिनं ही गोष्ट सांगितली. मामा खूश झाला.

"बघ, देव पावला! दे उद्या अर्ज."

"मी नाही देणार," मामी म्हणाली.

मामाचा घास हातातच राहिला. "का बरं?"

"अहो, पदवीवर माहिती प्रणाली असं लिहिलेलं असणार. उद्या डेपोत कुणी विचारलं, ही सिस्टिम आतून कशी चालते, तर मी काय सांगू? मला सूट मिळाली होती म्हणून?"

"कोण विचारतंय! नियमात बसतंय, प्राचार्य स्वतः देतायत. तू कुणाला फसवत नाहीयेस."

"बाकीच्यांनी घेतली तर मी त्यांना नावं नाही ठेवणार. ज्याला तो विषय नोकरीत येतोच, त्यानं जरूर घ्यावी. मला येत नाही."

"अगं पण वर्ष जाईल! साहेब निवृत्त होतील. ती जागा कुणीतरी दुसराच येऊन बळकावेल. हातातोंडाशी आलेला घास तू..." मामा चिडून उठला आणि खिडकीतली एक कवळी उचलून तिच्यासमोर धरली. "हे बघ. हे खरे दात नाहीत. पण लोक यांनी जेवतात ना? हसतात ना? काम झाल्याशी मतलब!"

मामीनं त्या कवळीकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाली, "जेवतात. आणि तुमच्या हाताला तोड नाही. पण तुम्ही तिला कवळीच म्हणता ना? दात म्हणून नाही ना देत कुणाला?"

कवळी जागेवर ठेवून मामा परत जेवायला बसला. मग म्हणाला, "भाजी वाढ."

पुढच्या वर्षी मामीनं प्रोग्रामिंग पुन्हा घेतलं. मी शिकवायचा प्रयत्न केला, पण माझा संयम लगेच संपायचा. शेवटी तिनं सरांनाच गाठलं. लॅब दुपारी जेवणाच्या सुट्टीत रिकामी असायची. सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही लिहिलेलं मला वाचून दाखवा. एकेक ओळ. आणि ती ओळ काय करते ते मला सांगा. मी स्वतःहून काही समजून घेणार नाही. तुम्ही बोलाल तेवढंच ऐकेन."

मामी वाचू लागली. मध्येच म्हणाली, "आणि मग शेवटी तो थांबतो."

"का थांबतो?"

"का म्हणजे? संपलं ना सगळं!"

"हे त्याला कुणी सांगितलं?"

मामीनं त्या ओळीवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "सर, मला आत्ता कळलं. खिडकीपाशी इतकी वर्षं बसून मला अर्धं बोललेलं ऐकायची सवय झालीय. माणूस नुसता 'ती बस' म्हणाला तरी मी ओळखते कुठली. मला वाटायचं, यालाही कळेल."

"याला काहीच कळत नाही," सर म्हणाले. "फार निरागस आहे बिचारा."

त्या दिवसापासून मामी बदलली. घरातसुद्धा ती सगळं असं फोडून सांगायला लागली की मामा वैतागायचा. "पाणी आणा. पेल्यात आणा. पेला धुतलेला असू द्या." मामा म्हणायचा, "बायको गेली आणि घरात यंत्र आलं!" त्या वर्षी ती काठावर का होईना, पास झाली. सरांनी तिच्यासाठी लॅबच्या दारात उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि पोरांनीही वाजवल्या.

पण मामा म्हणाला होता तसंच झालं. दरम्यान प्रमुख निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी बाहेरून एक तरुण आला. पदवी तीच, नुकतीच मिळालेली. डेपोत कुजबुज सुरू झाली. चालक, वाहक, झाडणाऱ्या बायका, सगळ्यांना वाटलं, आता मामी त्याला पाण्यात पाहणार. एका वाहकानं तर सुचवलंसुद्धा, "तुम्ही फक्त गप्प बसा. महिनाभरात साहेबांच्या नाकी नऊ येतील."

मामी घरी येऊन हे सांगत होती तेव्हा मी विचारलं, "मग? बसणार गप्प?"

"तो काय माझ्या घरावर दरोडा घालून आलाय का?" मामी म्हणाली. "शिकून आलाय. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पहिल्या दिवशी त्याला किल्ल्या दिल्या तेव्हा हात जड झाला होता. पण त्याचा काय दोष?"

तिनं त्याला सगळं दाखवलं. कुठल्या मार्गावर कुठल्या तक्रारी येतात, कुठला चालक खरंच आजारी असतो आणि कुठला नसतो. नवा साहेब घाबरट होता, पण मनाचा स्वच्छ. डेटाबेस पास होऊन तिला इंटर्नशिप करायची वेळ आली तेव्हा कॉलेजनं अट घातली, की स्वतःच्या ऑफिसात चालेल, पण काम नेहमीपेक्षा वेगळं हवं आणि वरिष्ठाची देखरेख हवी. म्हणजे त्या पोराच्या हाताखाली उमेदवारी. मामीनं स्वतः जाऊन त्याला विचारलं. तो उठून उभाच राहिला. "ताई, मी तुम्हाला काय शिकवणार?"

"चुकले तर सांगायचं. एवढंच काम आहे तुमचं."

तिनं निवडली हरवलेल्या वस्तूंची खोली. छतापर्यंत फळ्या, त्यांवर छत्र्या, चष्मे, एकेकटे हातमोजे, डबे, एक व्हायोलिन, एक कुबडी. बस झाडणाऱ्या बायका सापडलेल्या वस्तू आणून द्यायच्या आणि त्यांतल्या बहुतेक वस्तू तिथंच पडून राहायच्या. मामीनं त्यासाठी सिस्टिम बनवली. वस्तू सापडली की तिचा प्रकार नोंदवायचा. हरवल्याची तक्रार आली की तोच प्रकार शोधायचा. साहेबानं पाहिली, त्यालाही पटली. पहिल्याच आठवड्यात बऱ्याच छत्र्या घरोघरी गेल्या आणि डेपोत मामीची वाहवा झाली.

मग एके दिवशी एक निवृत्त संगीतशिक्षक खिडकीपाशी आले. तोंडावर रुमाल धरलेला. त्यांची कवळी बसमध्ये राहिली होती. खोकल्याची उबळ आली म्हणून काढून कागदात गुंडाळली आणि सीटवर विसरले. मामीनं शोधलं. कवळी नाही, दात नाहीत, काहीच नाही. ती म्हणाली, "नाही आलेली हो." ते गेले. परत आले. परत तेच उत्तर. असे ते येत राहिले आणि मामी पडद्याकडे बघून नाही म्हणत राहिली.

शेवटी फळी आवरताना साहेबाच्याच हाताला एक कागदाची पुडी लागली. आत कवळी. झाडणाऱ्या बाईनं पुडी वरवर चाचपून 'प्लास्टिकची वस्तू' असं सांगितलं होतं आणि नोंदही तशीच झाली होती.

साहेब ती घेऊन मामीकडे आला. "ताई, तुम्ही म्हणाला होतात, चुकलं तर सांगायचं."

मामीचा चेहरा पडला. साऱ्या गावाच्या कवळ्या ज्या घरात बनतात, त्या घरातल्या बाईच्या फळीवर ती कवळी पडून राहिली आणि एक म्हातारा माणूस तितके दिवस सूप पीत बसला. तिनं सबब सांगितली नाही, झाडणाऱ्या बाईवरही ढकललं नाही. त्याच दुपारी ती त्या शिक्षकांच्या घरी गेली. मीही बरोबर होते.

त्यांनी दार उघडलं, रुमाल तोंडावर. मामीनं कवळीची डबी पुढे केली आणि म्हणाली, "ही आमच्याकडेच होती. मी बनवलेल्या सिस्टिमची चूक. तुम्हाला उगाच हेलपाटे पडले." डबी घेऊन ते आत गेले. नळाचा आवाज आला. बाहेर आले ते ताठ मानेनं, आणि मग जे बोलायला लागले ते थांबेचनात! आम्हाला बसवलं, चहा दिला, तरुणपणी कुठं कुठं गायले ते सांगितलं, एक तान घेऊनही दाखवली. निघताना म्हणाले, "बाई, रागवायचं ठरवलं होतं. पण इतक्या दिवसांचं बोलणं साठलं होतं, त्यात रागाला जागाच उरली नाही."

दुसऱ्या दिवशी मामी सिस्टिम आखणीच्या प्राध्यापकांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला. "ज्याची वस्तू हरवते आणि ज्याला ती सापडते, त्या दोघांना सारखंच काय माहीत असतं?"

मामी दोन दिवस तोच प्रश्न घेऊन फिरत होती. डेपोत साहेबाशी बोलली, झाडणाऱ्या बायकांना खोलीत बसवून विचारलं. वस्तूचं नाव दोघं वेगळं सांगतात. रंगसुद्धा. हरवणाऱ्याला ती छत्री आईची म्हणून आठवते, सापडणाऱ्याला मोडक्या दांड्याची म्हणून दिसते. पण बस कुठली आणि दिवस कुठला, हे दोघांनाही माहीत असतं. मामीनं आणि साहेबानं मिळून सिस्टिम पुन्हा बांधली. आधी मार्ग आणि दिवस जुळवायचे, मग त्या बसमधल्या सगळ्या वस्तू समोर आणायच्या, आणि वर्णन ज्याच्या त्याच्या शब्दांत राहू द्यायचं. व्हायोलिनचा मालकसुद्धा असाच सापडला. त्यानं तक्रारीत लिहिलं होतं, 'काळी लांबट पेटी.'

अंतिम प्रकल्पाच्या दिवशी तीन परीक्षक समोर बसले होते. मी मागे उभी होते, नखं खात. सगळी मुलं आपल्या प्रकल्पाचं यश आधी सांगत होती. मामी उभी राहिली आणि तिनं सुरुवातच कवळीपासून केली. काय चुकलं, का चुकलं, कुणाच्या प्रश्नानं डोळे उघडले. मध्ये बसलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं, "हा कोड तुम्ही स्वतः लिहिलात?"

"निम्मा मी, निम्मा आमच्या साहेबांनी. कुठला कुणाचा ते सांगू?"

"सांगा."

आणि मामीनं पडद्यावरचा आपला भाग ओळ न् ओळ वाचून समजावला, ही ओळ काय करते, ती का थांबते. तिचा आवाज सुरुवातीला परीक्षेतला होता, नंतर खिडकीपाशी असतो तसा झाला. परीक्षक बाईंनी मान डोलावली. मी मागं वळून पाहिलं तर दारात प्रोग्रामिंगचे सर उभे होते, त्यांचं बोट ओठांवर, जणू मी त्यांचं नाव घेऊन मामीला बुजवणार होते.

मामीला पदवी मिळाली. वर्गात पहिली वगैरे आली नाही, मधल्या फळीत आली. पदवीदानाला मामा नवा कोट घालून आला आणि ओळख असो नसो, दिसेल त्याला म्हणाला, "आमच्या हिनं सूट नाही घेतली." लोकांना वाटायचं, दुकानातल्या सवलतीबद्दल बोलतोय.

विभागप्रमुखाची खुर्ची तिला लगेच मिळाली नाही. साहेबाची मोठ्या डेपोत बदली झाली तेव्हा त्यानं जाण्यापूर्वी वरिष्ठांना स्वतः भेटून तिचं नाव सुचवलं, आणि मग मिळाली. निरोपाच्या दिवशी तो तिच्या पाया पडायला वाकला, तर तिनं त्याला मध्येच धरून हात हातात घेतला. "बरोबरीचे आहोत आपण," म्हणाली.

प्रमुख झाल्यावर तिनं पहिलं काम केलं ते पाळ्यांचं. झाडणाऱ्या बायकांच्या पाळ्या अशा लावून घेतल्या की ज्यांना दुपारी शिकायला जायचं असेल त्यांना जाता यावं. वरून विचारणा झाली, याची काय गरज? मामीनं उत्तर पाठवलं, की दोघीजणींनी नाव घातलंय, आणि बसगाड्या पूर्वीइतक्याच स्वच्छ आहेत, येऊन बघा.

कुणी बघायला आलं नाही. आता चौघीजणी जातात.